अक्रोडाचं सरपण

लाकूड चांगलं होतं. थोरलीला ते पहिल्या नजरेतच कळलं, आणि म्हणूनच तिने बघायला इतका वेळ लावला.

कालच्या वादळात पडलेल्या अक्रोडाचे सकाळी तीन ओंडके केले होते. ती एकापुढे उकिडवी बसली. कापलेल्या तोंडावर बाटलीतलं पाणी शिंपडून तळहाताने पुसलं. गाभा गडद चॉकलेटी चमकला, त्यात धुरासारख्या वळत गेलेल्या रेषा. तिने नख रुतवून पाहिलं, हातोडीने ठोकून पाहिलं. कीड नाही, पोकळी नाही. लाकूड फिरवून वाडगे कातायच्या पंचवीस वर्षांच्या कामात लेथवर चढवायला असं लाकूड तिला दोनदा मिळालं असेल.

"माझ्या जन्माच्या वर्षी लावलं होतं बाबांनी," धाकटी पायरीवरून म्हणाली. "रोज संध्याकाळी दोन बादल्या पाणी. मी शाळेतून आले की नाही ते नंतर, आधी झाड!"

एकाच बापाच्या दोघी. आया दोन, घरंही दोन. धाकटी 'बाबा' म्हणाली, की आपल्या ताटातलं कुणी उचलून नेल्यासारखं थोरलीला वाटे.

ती झाडाची वर्तुळं मोजत होती. वर्षाला एक. नवव्या वर्तुळाला तिचं स्वतःचं लग्न झालं. बाबा आले नव्हते. कामातून सवड नाही, असा निरोप होता. वर्तुळ चांगलं जाड होतं. रोजच्या दोन बादल्यांचं.

"जमेल ना गं, ताई? मला मोठं काही नको. एक वाडगा, टेबलावर ठेवायला."

थोरलीने हात झटकले. "नाही जमायचं. लेथवर फिरायला लागलं की फुटेल हे. सरपणाला वापर."

गिऱ्हाइकाला सांगावं, तशा आवाजात ती बोलली.

धाकटीने ओंडक्यांकडे एकदा पाहिलं. मग ती एकदम हसली, आणि तिने डोळे पुसले.

"सुटले बाई! आता सांगून टाकते. बाबा जायच्या आधी म्हणाले होते, हे झाड कधी पडलं तर लाकूड सगळंच्या सगळं थोरलीचं. मला ढलपीसुद्धा नाही. तिच्या हाताला शोभेल, म्हणे. तेव्हापासून नुसता तिळपापड होत होता माझा. त्यांची शेवटची दोन वर्षं झाडाला पाणी घालणार मी, आणि लाकूड तुझं! म्हणून तुला बोललेच नाही. नुसता वाडगा मागितला." तिने नाक ओढलं. "जाऊ दे. चहा टाकते."

ती आत गेली.

ऊन सरकत ओंडक्यांवर आलं होतं. ओल्या लाकडाच्या तोंडांना वेळेवर मेण फासलं नाही, तर ते उन्हाने तडकतं. मग ते खरोखरच सरपण. थोरली उठली. दाराकडे पाहून हाक मारायला तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. मग गाडीतून मेणाचा डबा आणि ब्रश घेऊन आली.

पहिला ओंडका झाला, दुसराही झाला. तिसऱ्यावर ब्रश फिरत असताना मागे कपांचा किणकिणाट आला, आणि थांबला.

"सरपणाला मेण लावतात, ताई?"