न बसणारा बूट

बूट पुन्हा बसला.

नायिकेने पाय आत सरकवला, टाच एकदा जमिनीवर टेकवली आणि हसून वर पाहिलं. बसला, मॅडम, ती म्हणाली. दिग्दर्शक बाईंनी कपाळाला हात लावला. बूटकाका तिच्या पायाशी बसले होते, ते तसेच बसून राहिले. पस्तीस वर्षं त्यांनी नाटक-सिनेमावाल्यांसाठी नीट बसणारे बूट शिवले होते. आयुष्यात पहिल्यांदा कोणी न बसणारा बूट मागितला, आणि नेमका तोच त्यांना जमेना.

गोष्ट तशी जुनी, सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली. सावत्र आई, राजवाड्यातला नाच, जिन्यावर राहून गेलेला बूट. पण सिनेमा नव्या काळातला, आणि बाईंनी शेवट फिरवला होता. राजपुत्र बूट घेऊन दारात येतो आणि तो जिचा आहे तिलाच बसत नाही. वर्षभर उभ्याने राबून तिचे पाय पसरलेत. ती "नाही बसत" म्हणते आणि बूट त्याच्या हातात परत देते. या दोन शब्दांसाठी आपण हा सिनेमा काढतोय, असं बाई येता-जाता सांगत. त्यात त्यांना खोटा अभिनय नको होता. पाय खरोखर अडला पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

काकांच्या हे काही पचनी पडलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, की लहान पडला तर साच्यावर चढवून सैल करून देता येतो, त्यासाठी चांगलं आलेलं स्थळ परत कशाला पाठवायचं? सगळे हसले. काकाही हसले, पण त्यांनी मनापासून विचारलं होतं.

नायिकेचा पाय पाच नंबरचा. काकांनी तिला कागदावर उभी करून, कडेने पेन्सिल फिरवून माप घेतलं होतं. म्हणून त्यांनी चार नंबरचा बूट केला, चामड्याचा, वरून आरशाचे बारीक तुकडे लावलेला. तो बसला. मग हा साडेतीन नंबरचा. हाही बसला. आता बाईंना वाटू लागलं, की म्हाताऱ्याचं मापच चुकतंय. तसं त्या तोंडावर म्हणाल्या नाहीत. दुसरा कारागीर कुठे मिळेल, एवढंच त्यांनी व्यवस्थापकाला विचारलं, पण काकांना ऐकू जाईल अशा बेताने. काकांच्या ते जिव्हारी लागलं.

दहा मिनिटांत काय ते करा, असं सांगून बाई दिव्यांकडे गेल्या. राजपुत्र मखमली उशी मांडीवर घेऊन जांभया देत होता.

काकांनी सवयीने बुटाच्या टोकावर अंगठा दाबला. दुकानात लहान मुलांच्या बुटाला दाबतात, तसा. आत बोट नव्हतं. थोडं मागे दाबलं, तिथे एक टणक गाठ लागली. त्यांनी वर पाहिलं. नायिका अजून हसतच होती, पण डोळ्यांत पाणी होतं.

बूट निघता निघेना. निघाला तेव्हा पाचही बोटं तळव्याखाली दुमडलेली होती आणि अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं.

तिने हळूहळू सांगितलं. या भूमिकेसाठी आधी दुसरी मुलगी होती. तिच्या झग्याचा एक हूक लागत नव्हता. दोनदा लागला नाही, तिसऱ्या दिवशी ती मुलगी दिसली नाही. झगा तोच होता, आता हिच्या अंगावर असलेला. तेव्हापासून जे देतील ते ती बसवून घ्यायची.

काकांना काही उमजेना. "अगं पोरी, पण त्यांना न बसणाराच हवाय ना?"

"तो गोष्टीतल्या मुलीला, काका. मला बसला पाहिजे."

काका तिची बोटं एकेक करून चोळत बसले. मग म्हणाले, की बाकी काही करू नकोस, फक्त बोटं सरळ ठेव. पुढचं मी बघतो.

दिवे लागले. राजपुत्राने गुडघा टेकला. पाय अर्ध्यावर अडला. तिने राजपुत्राकडे पाहिलंच नाही, तिने पाहिलं ते बाईंकडे, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही बसत," ती म्हणाली. जेमतेम ऐकू आलं.

मग टाळ्या पडल्या. बाईंनी डोळे पुसले. असं बंड आपण आजवर पडद्यावर पाहिलं नाही, असं त्या सगळ्यांना ऐकवत होत्या. नायिका लंगडत कोपऱ्यात आली आणि काकांच्या कानाशी वाकली. "मॅडमना सांगू नका हं. खरंच बसत नव्हता ते."

तेवढ्यात बाई आल्याच. त्यांनी काकांच्या हातातला बूट घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. तोच साडेतीन नंबरचा बूट.

"शेवटी जमला म्हणायचा. आधी काय चुकत होतं, काका?"

काकांनी नायिकेकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत उभी होती. पस्तीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं, त्यामुळे ते थोडं अडखळलं.

"माझं माप चुकलं होतं, बाई."

बाई समजूतदारपणे हसल्या आणि निघून गेल्या. काकांच्या खिशात घडी घातलेला कागद होता. त्यावर पेन्सिलीने काढलेला तिचा पाय होता, पाच नंबरचा, पाचही बोटं मोकळी.