कपाटातलं नाव

सगुणाच्या लेकीचं, किमयाचं लग्न झालं त्या वर्षीचं, म्हणजे २०१६ सालचं ध्वनिमुद्रण शोधायला उर्वीला चार मिनिटं लागली. तोवर सगुणा वाट बघत बसली. तिच्या पुढ्यात एक कार्ड होतं. वर छापलं होतं, ‘पेण तालुका, खाडीपट्टा. लग्नातले धवले. गाणारी : सगुणा नाथा म्हात्रे.’

त्यातला एकही धवला सगुणाने गायला नव्हता. तेच सांगायला ती आज रोह्याला आली होती.

फादर लोकांच्या विद्यापीठाचं हे संशोधन केंद्र म्हणजे दोन खोल्या. भिंतीवर क्रूस, त्याखाली खाडीकाठच्या गावांचा नकाशा, आणि ओळीने लोखंडी कपाटं. मिठागरातल्या शब्दांच्या चिठ्ठ्या, जुन्या वह्या, म्हाताऱ्यांचे आवाज, सगळं नावानिशी लावून ठेवलेलं.

“पत्र जूनमध्ये पाठवलं होतं, आजी,” केंद्रात काम करणारी उर्वी म्हणाली. “गाण्यांचं पुस्तक तुमच्या सहीवाचून अडलंय. आणि तुम्ही येताय आता, सप्टेंबरात.”

“लावणी व्हती,” सगुणा म्हणाली. भाताची लावणी केव्हाच आटपली होती.

गायली होती सीताबाई, तिची थोरली जाऊ. किमयाच्या हळदीला इथले फादर आवाज टिपायचं यंत्र घेऊन आले. बायकांच्या घोळक्यात बसायचा त्यांना संकोच वाटला. यंत्र आत पाठवून ते ओट्यावर पुरुषांत बसले. सीताबाईने एका दमात अकरा धवले म्हटले. मग आत कागद आला. गाणारणीने सही करावी, नाहीतर अंगठा द्यावा.

सीताबाईने अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. उमटला तो नुसता निळा डाग. तीस वर्षं मिठागरात मीठ ओढून तिच्या बोटांवर रेघच उरली नव्हती. बायका हसल्या. “मिठानं खाल्ला गो तुजा आंगठा!”

“सगुणाला सांगा,” कोणीतरी म्हणालं. “ती जाते ना साळंत.”

सगुणा तेव्हा दोन महिने साक्षरतेच्या वर्गाला जात होती. सगळ्या तिच्याकडे बघू लागल्या. तिने ऐटीत पेन घेतलं. पेन हातात आल्यावर तिच्या ध्यानात आलं, आपल्याला एकच नाव लिहिता येतं. आपलं. एवढ्या बायकांपुढे तसं सांगायला जीभ उचलेना. तिने येत होतं ते लिहिलं आणि कागद बाहेर धाडून दिला.

त्यानंतर सीताबाई गावभर सांगत सुटली. बाजारात, नळावर, पाहुण्यांना. “माजा नाव फादरच्या कपाटात हाय.”

“कपाटात नाव ठेवून पोट भरतंय काय?” बायका टोमणा मारायच्या.

“तुजा ठेवलाय काय कोनी?” ती म्हणायची. “ऱ्हेशनच्या कार्डाबाहेर तुजा नाव गेलाय कुठं?”

सगुणा तेव्हा मान खाली घालून पाणी भरायची. पुढे ती वाचायला शिकली, सगळी अक्षरं तिला येऊ लागली. ते एक नाव तेवढं तिने बरीच वर्षं लिहून पाहिलं नाही. जूनमध्ये रोह्याचं पत्र आलं तेव्हा सीताबाई दारातच बसली होती, धाप लागलेली, पायांना सूज आलेली.

“फादरचा कागद काय गो? माजे गान्यांचा?”

“नाय बाय. बँकेचा हाय.”

पत्र तांदळाच्या डब्यात गेलं.

“ऐका,” उर्वी म्हणाली, आणि तिने बटण दाबलं.

खोलीत सीताबाईचा आवाज भरला. रुंद, खरबरीत, खाडीवरून हाक मारावी तसा.

*खाडीचे पान्याचा उन्हानं केला मीठ,*
*लेकी माजे, पाय टाक नीट…*

शेवटचा धवला संपला. बांगड्या वाजल्या, कोणीतरी खोकलं, बायका हसल्या, शब्द लागू नयेत एवढा गलका झाला. यंत्र बंद करायचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मग तोच रुंद आवाज अगदी जवळून आला, हळू, जरा लाजत :

“माजाच नाव लिवलास ना गो?”

आणि दुसरा, बारीक :

“व्हय बाय. लिवलाय.”

खट् झालं. ध्वनिमुद्रण संपलं.

सगुणा कार्डाकडे बघत राहिली. आठ वर्षं तिला वाटत होतं, ही गोष्ट आपल्यालाच ठाऊक आहे. आठ वर्षं ती गोष्ट इथे कपाटात होती, आवाजासकट.

“एवढ्यावरच अडलंय, आजी,” उर्वी म्हणाली. “हे आम्ही कितीदा तरी ऐकलं. आवाज दोन आहेत आणि कार्डावर नाव एक. यातला तुमचा कुठला?”

सगुणाला उठून जाता आलं असतं. पहिला माझा, असंही म्हणता आलं असतं. विचारायला येणार कोण होतं?

“लिवलाय म्हनते ना,” ती म्हणाली, “ती मी.”

उर्वीने कपाटातून कोरं कार्ड काढलं. सगुणाने पेन मागितलं. गेला महिनाभर ती किमयाच्या जुन्या वहीत हे एकच नाव गिरवत होती. सी नीट आला. ता जरा तिरका गेला. ओळ पुरी व्हायला बराच वेळ लागला. सीताबाई जनू म्हात्रे.

“मग यांना आणा ना एकदा,” उर्वी हरखून म्हणाली. “पुस्तक त्यांच्याच हातात देऊ. सही नसली तरी चालेल, आम्ही आवाजच घेऊ. हो म्हणाल्या की झालं.”

सगुणाने पेन खाली ठेवलं नाही. नावाखाली अजून एक ओळ रिकामी होती. ती तिने सावकाश भरली.

वारली. सोमवार, १२ ऑगस्ट २०२४.