कॅसेटवरची फुंकर

फ्रीगंजच्या घरी नवा कन्सोल आला, तसा माझ्या बहिणीने, अश्लेषाने, सगळ्यात आधी आमचा लहानपणचा गाड्यांचा गेम त्यावर डाउनलोड केला.

"हा असली नाहीये," मी म्हणालो. "नवं मशीन जुन्याची नक्कल करतंय, बस."

"रुचिर, रस्ता तोच, गाणं तेच. अजून काय पाहिजे तुला?"

मला जुन्या मशीनमध्ये खोचायची ती गेमची कॅसेट पाहिजे होती. तिच्यात धूळ बसली की टीव्हीवर आडव्या रेघा यायच्या. मग आमचा मोठा भाऊ, आल्हाददादा, ती काढून फुंकर मारायचा, दोनदा छोटी आणि मग एक लांब. आम्हाला हात लावू देत नसे. दादाला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

दुपारभर खेळलो. हरलो, भांडलो, हसलो. आणि एकाएकी रेघा आल्या, अगदी तशाच.

"दादा, फूंक मार ना," अश्लेषा सवयीने बोलून गेली.

या मशीनला कॅसेट घालायची जागाच नव्हती.

आमच्या मागे कुणीतरी फुंकर मारली. छोटी. परत छोटी.

आम्ही वळून पाहिलं नाही. लांब फुंकर माझ्या मानेला लागून पुढे गेली, आणि नव्याकोऱ्या कन्सोलमधून जुनी धूळ उडाली.