अडुळशाचा काढा

मथुराबाईला खोकल्याची उबळ आली, तशी गोदावरी आपलं भाकरीचं फडकं उचलून पलीकडच्या बाभळीखाली जाऊन बसली. तिच्या मागोमाग बाकीच्या बायाही उठल्या.

बहात्तरचा दुष्काळ. मंगळवेढ्याजवळ सरकारी कामावर या बाया खडी फोडत होत्या. दगडाची धूळ मथुराबाईच्या छातीत बसली होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून क्षय नाही म्हणून सांगितलं, बाटली दिली. खोकला थोडा हटला. पण क्षयाची बोलवा हटली नाही. आता तिला पाणीसुद्धा वरून ओंजळीत मिळायचं.

दगडाबाई मात्र जागची हलली नाही. वयानं सगळ्यांत मोठी, कामापुरतं बोलणारी बाई. तिनं तीन दगड मांडून चूल पेटवली. घरून आणलेली अडुळशाची पानं पातेल्यात टाकली, आलं ठेचून घातलं, गुळाचा खडा सोडला. अडुळशाला शेळी तोंड लावत नाही, म्हणून तिच्या कोरड्या विहिरीच्या कडेला तेवढाच हिरवा राहिला होता.

पाणी आटून निम्मं झाल्यावर तिनं आपला पेला भरून मथुराबाईपुढं धरला. मथुराबाईनं हात मागं घेतला. माझं उष्टं भांडं तुमच्याजवळ पाहिलं तर लोक तुमालाबी लांब बसवतील, असं ती पुटपुटली.

"पी गप," दगडाबाई म्हणाली.

मथुराबाई घोट घोट प्यायली. घसा शेकला, कफ सुटला. कितीतरी दिवसांनी तिनं छातीभर श्वास घेतला. अर्धा पेला उरला तेव्हा दगडाबाईनं तो तिच्या हातातून घेतला आणि सगळ्यांदेखत पिऊन टाकला.

"धूळ समद्यांच्याच नरड्यात हाय की," ती बाभळीकडं बघत म्हणाली.

 मग गोदावरीच खोकली. बराच वेळ खोकत राहिली. शेवटी पदरानं तोंड पुसत उठली आणि आपली वाटी घेऊन चुलीपाशी आली.

मथुराबाईनं दगडाबाईकडं पाहिलं. ती खाली मान घालून भाकरी खात होती. तेव्हा मथुराबाईनंच पातेलं उचललं आणि गोदावरीच्या वाटीत काढा ओतला.

गोदावरीनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"लई कडू झालाय गं मथुरे," ती तिथंच बसत म्हणाली. "उद्या गूळ तू आण."