मागची सीट

गर्भाशय काढल्यापासून टॅक्सीवाल्याच्या बायकोची लघवी सारखी गळायची. दवाखान्यात नेताना त्यानं मागच्या सीटवर प्लास्टिक अंथरलं होतं आणि वर ऐकवलंही, “गिऱ्हाईकं नाक मुरडतात, पोटावर पाय येतो.” ती त्यावर बसली. मग डॉक्टरीणबाईंनी पोटाला बारीक भोकं पाडून दुर्बिणीतून मूत्राशयाला पडलेलं छिद्र शिवलं. “हे आधीच्या ऑपरेशनमुळे झालं, तुमच्या बायकोचा काय दोष?” त्या म्हणाल्या, तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज लघवीची नळी काढल्यावरही बायको कोरडी राहिली. घरी नेण्याआधी त्यानं प्लास्टिक फेकलं, सीट लख्ख केली आणि पुढचं दार उघडून धरलं. “ये, माझ्याशेजारी बस.” ती मागेच गेली. टाके सांभाळत आयाबाईंकडून मागितलेलं प्लास्टिक अंथरू लागली. “अगं, आता कशाला?” “असू दे हो,” ती समजुतीनं म्हणाली, “गिऱ्हाईकं नाक मुरडायला नकोत.”