आभाराचा फ्लेक्स

देवीदासनं पिशवी नीलमच्या टेबलावर उपडी केली. पिशवीतून नुसते फोटो पडले. पासपोर्टचे, आधार कार्डाच्या झेरॉक्सवरून कापलेले, कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून कात्रीनं काढलेले. एक महाशय तर गॉगल लावून ट्रॅक्टरवर बसलेले.

"आभाराच्या फ्लेक्सवर हे सारेच घ्याचे," देवीदास म्हणाला. "अन् चारी बाजूनं झेंडूची झालर. वरतं गणपती, खालतं मोर."

परतवाड्याच्या बसस्टँडसमोर नीलमचं फ्लेक्सचं दुकान होतं. अमरावतीला डिझाइन शिकून आलेली ही पोर. जितकं कमी तितकं देखणं, असा तिचा ठाम विश्वास. तिच्या स्वतःच्या पांढऱ्याशुभ्र पाटीवर एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत दुकानाचं नाव होतं. ती पाहून अधूनमधून कुणीतरी विचारायचंच, "ताई, पेंटर मधातच पळाला का?" पोट मात्र पांढऱ्या पाटीवर भरत नव्हतं. ते भरत होतं वाढदिवसांच्या फ्लेक्सवर, त्यातल्या भाऊंवर आणि भाऊंच्या मागे डरकाळी फोडणाऱ्या वाघांवर.

"कशाबद्दलचे आभार, काका?"

देवीदासनं बाजूच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथं त्याची बायको सत्यभामा बसली होती, एक पाय प्लास्टरमध्ये, मांडीवर कुबडी.

"झेंडू घेऊन बाजाराले चाल्लो होतो गाडीवर. हिचा पदर चाकात गेला. वाचली, पोरी." तो एकेक फोटो उचलू लागला. "यानं रक्त देल्लं. यानंबी. हा दवाखान्यात रातभर माह्या जोडीनं बसला. हिनं आमच्या वांग्याले पानी देल्लं. अन् हा गॉगलवाला, यानं सारा झेंडू बाजारात नेऊन इकला, फुकटात."

नीलमला भरून आलं, आणि भरून आलं की तिला सगळं पुसून टाकावंसं वाटायचं. तिनं मन लावून डिझाइन केलं. पूर्ण पांढरं. मधोमध एकच शब्द, आभार. खाली लहान अक्षरांत दोघांची नावं. तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

देवीदासनं पाहिलं. "चांगलं हाय," तो अदबीनं म्हणाला. "पन हे तं कोनाचंच नाई."

"सगळ्यांचंच आहे ना, काका."

"मंग ज्यानं रक्त देल्लं त्याले कसं समजावं का हे त्याच्यासाठी हाय?"

तिनं चेहरे रांगेनं मांडायला घेतले. झालर आली, गणपती आला. मोराला जागा करताना गॉगलवाल्याचा ट्रॅक्टर कापावा लागला. फ्लेक्स एसटीसारखा खचाखच भरला, आणि तिचं शिक्षण पार पाण्यात गेल्यासारखं तिला वाटलं.

"झाले सगळे?"

"एक रायला," सत्यभामा म्हणाली.

"त्याचा फोटो द्या."

"त्याचाच तं नाई," देवीदास म्हणाला. "आमी पडलो तवा सगळ्यात आंधी तो थांबला. आंगातला सदरा काढून हिच्या पायाले गुंडाळला, जीप थांबवली, आमाले बसवलं. माह्या डोक्याले मार, मले काई दिसे ना. जीप निघाली, तो तिथंच रस्त्यावर रायला. डॉक्टर म्हने, तो सदरा नसता तं ही नसती. त्याले तं मी हातबी जोडले नाई, पोरी. लय ठिकानी इचारलं. म्हनून हा फ्लेक्स तिथल्याच नाक्यावर लावून रायलो. कदी ना कदी त्या रस्त्यानं जाईनच ना तो."

नीलमनं गर्दीत एक रिकामा गोल ठेवला. तो छपाईची चूक वाटत होता.

"त्याले झेंडूचा हार घाल," देवीदासनं सुचवलं. "मंग दिसन."

"काई नोका घालू हार!" सत्यभामा कडाडली. "मेलेल्या मान्साच्या फोटोले घालतेत. तो जिता हाय."

देवीदास ओशाळला. नीलमनं थोडा विचार केला आणि सगळे चेहरे कडेला सरकवले. ते दाटीवाटीनं एकमेकांना खेटून बसले, एकही कमी झाला नाही. मधली सगळी जागा पांढरी झाली आणि तिच्यात तो एकटा गोल उरला. आता काका चिडणार, या तयारीनं तिनं हात आवरला.

देवीदास पुढे वाकला. "आता दिसते," तो हळूच म्हणाला. "पंगतीत पाव्हन्यासाठी पाट मांडून ठेवला, असं वाटते."

आजवर नीलमच्या पांढऱ्या जागेला कुणी असं पाहिलं नव्हतं. या दोघांचे आभार कसे मानावेत ते तिला कळेना, म्हणून ती कीबोर्डकडे वळली.

"खाली नाव काय लिहू? अनामिक?"

"ते कोनाचं नाव?" सत्यभामा म्हणाली. "तोंड नाई पाह्यलं म्या त्याचं. पन जीपमंधी बसवेपावतर एकच बोलून रायला होता. तेच लिव. त्याले बरोबर समजीन."

ती सांगत गेली आणि नीलमनं त्या रिकाम्या गोलाखाली, तिला येत होती त्या सगळ्यात साध्या अक्षरांत लिहिलं:

माय, डोये मिटू नको.