रिकामी खाच

सात वर्षं हरल्यावर, २००१ साली सिन्नरच्या मातीच्या ट्रॅकवर माझी जुनी रिमोटची गाडी पहिली आली! तिचे शॉकअप मी इंजेक्शनच्या सिरिंजपासून बनवले होते. पोरांनी मला खांद्यावर घेतलं.

दोन रिमोटचे सिग्नल एकमेकांत घुसू नयेत म्हणून सगळ्यांचे क्रिस्टल, म्हणजे रिमोटची फ्रिक्वेन्सी ठरवणारे छोटे तुकडे, शर्यतीच्या पंच हर्षालीताईंकडे जमा असायचे. पाळी आली की आपला घेऊन रिमोटच्या खाचेत बसवायचा. त्याशिवाय गाडी जागची हलत नाही.

ताई धावत आल्या. "हिरामण, अरे, तू क्रिस्टल न्यायलाच विसरलास!"

त्यांनी मूठ उघडली. माझा क्रिस्टल तिथे होता.

मी रिमोट उलटा केला. खाच रिकामी.

"अजून एकदा!" पोरं ओरडत होती.

मी रिमोट खाली ठेवला. गाडी वळली आणि पुन्हा स्टार्ट लाइनवर जाऊन उभी राहिली.